जुन्या वाचनालयाला नवी इमारत जोडताना

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. शंभरी-दीडशे ओलांडलेल्या वाचन संस्था महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची अडचण सारखीच असते. कपाटं भरून पुस्तकं जिन्याखाली आलेली असतात, अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षेच्या मुलांची प्रतीक्षा यादी असते आणि ज्येष्ठ वाचकांना वरच्या मजल्यावरचा संदर्भ विभाग गाठवत नाही. मग कार्यकारी मंडळात ठराव होतो की मागच्या मोकळ्या जागेत नवी इमारत बांधायची.

या ठरावानंतर कामाला लागणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पहिल्यांदाच असं काम हाती घेणारा आर्किटेक्ट, आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले कार्यवाह व ग्रंथपाल या दोघांनाही तो उपयोगी पडावा. सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. जुन्या इमारतीला न झेपणारं ओझं उतरवून घेणं हे नव्या इमारतीचं पहिलं काम आहे. पुस्तकांचं वजन, पाण्याचे नळ, लिफ्ट, वातानुकूलन, गर्दी हे सगळं नव्या भागाने उचलावं, म्हणजे जुनं वाचन दालन आणखी शंभर वर्षं वाचन दालन म्हणूनच राहील. पुढचा प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून बघा.

पहिली पायरी : जुन्या इमारतीची ओळख

नव्याचं एकही रेखाटन करण्याआधी जुन्याचं पूर्ण मोजमाप घ्या. संस्थेच्या कपाटात सापडलेल्या निळ्या नकाशावर विसंबू नका. तो मंजुरीसाठी काढलेला असतो, बांधकाम त्याबरहुकूम झालेलं असेलच असं नाही. भिंतींची जाडी, मजल्यांची उंची, कोणत्या भिंतीवर तुळया टेकल्या आहेत, कोणती भिंत नंतर घातलेली आहे, हे सगळं स्वतः टेप धरून बघा.

सागवानी तुळयांची टोकं खास तपासा. भिंतीत शिरलेला तो वीतभर भाग बाहेरून दिसत नाही आणि नेमका तिथेच ओल धरून लाकूड कुजतं. वरून पॉलिश चकचकीत असतं, पण पेचकस टोचला की तो सहज आत जातो. अशी टोकं किती आहेत याची खोलीवार यादी करा. वरच्या मजल्यावर आणखी किती वर्षं माणसं बसू शकतात, हे त्या यादीवरून ठरतं.

पायाशी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. कोकणात जांभा लागेल, देशावर मुरूम किंवा काळा पाषाण, मराठवाडा-विदर्भात बरेचदा काळी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. अशा जागी जुनी इमारत इतकी वर्षं स्थिर उभी असेल, तर तिच्याखालच्या ओलाव्याचा समतोल बिघडवणं धोक्याचं आहे. आणि शक्य असेल तर एक पावसाळा इमारतीजवळ काढा. जुलैतल्या मुसळधार सरीत पन्हळ कुठे तुंबते आणि पाणी कोणत्या कोपऱ्यातून झिरपतं, हे कोरड्या दिवसांत केलेल्या पाहणीत कळत नाही.

इमारतीत आधीच झालेल्या भरी वेगळ्या नोंदवा. मुंबईत काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० ची, मालाड दगडातली. तिचं मूळ उतरतं छप्पर काढून नंतरच्या काळात वर काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला गेला होता. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो स्लॅब उतरवून पुन्हा उतरतं छप्पर बसवलं गेलं. जुन्यावर केलेली प्रत्येक भर राखण्याजोगी असतेच असं नाही. काही वेळा आधीच्या पिढीची सोय काढून टाकली की जागाही मोकळी होते आणि इमारतही.

दुसरी पायरी : परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण उशीर सगळ्यात जास्त इथेच होतो. इमारत वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे आधी पालिकेकडून लेखी घ्या. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. पहिल्या श्रेणीत इमारतीचं आयुष्य वाढवण्यासाठी लागेल तेवढ्यापुरताच हस्तक्षेप चालतो. दुसरी अ असेल तर आतले बदल आणि नवा वापर छाननीनंतर होऊ शकतो. दुसरी ब असेल तर त्याच आवारात वाढीव बांधकामाचा विचार होतो, पण त्याची उंची आणि दर्शनी बाजू मूळ वास्तूशी जुळली पाहिजे. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक आहे. म्हणजे श्रेणी कळेपर्यंत मजल्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही.

जवळपास केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच. किल्ला, लेणं किंवा जुन्या देवळाशेजारी वसलेल्या गावात हे अंतर नकाशावर मोजून बघा.

वाचनालय सार्वजनिक न्यास असेल आणि खर्च भागवण्यासाठी तळमजल्यावर दुकानगाळे काढायचा विचार असेल, तर तीन वर्षांपेक्षा लांब भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गाळ्यांना माझा सरसकट विरोध नाही, त्यांच्या भाड्यावर कित्येक संस्था तगल्या आहेत. पण ते रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला काढून वाचनालयाचं दार बोळात ढकलू नका.

तिसरी पायरी : कोणतं काम कुठे

आता ग्रंथपालांना घेऊन बसा. देवघेव, संदर्भ, बालविभाग, वृत्तपत्रांचं मुक्तद्वार वाचनालय, अभ्यासिका, दुर्मीळ ग्रंथ, कार्यालय, स्वच्छतागृह अशी यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : वजन किती, पाणी लागतं का, आवाज होतो का, किती वाजेपर्यंत उघडं.

वजनाचा हिशोब तरुण आर्किटेक्टनी एकदा हाताने करून बघावाच. मीटरभर फळीवरच्या पुस्तकांचं वजन ढोबळमानाने पंचवीस-तीस किलो भरतं. सात फळ्यांचा, दोन्ही बाजूंनी पुस्तकं लावलेला मीटरभर रुंद रॅक धरा. नुसती पुस्तकंच साडेतीनशे ते चारशे किलो होतात, रॅकचं लोखंड वेगळं. इमारतींवर धरायच्या भारांचं भारतीय मानक ८७५ आहे, त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरतात. पुस्तकसाठ्याच्या दालनासाठी हाच आकडा २.२ मीटर उंचीपर्यंत ६ किलोन्यूटन आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक मीटरला आणखी २. रुळांवर सरकणारे दाटीचे रॅक घेतले तर भार याहून बराच वाढतो. दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी तक्तपोशी हे पेलण्यासाठी घातलेलीच नव्हती. म्हणून साठा नव्या इमारतीत, तोही शक्यतो तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर.

पाणी आणि यंत्रंही नव्यात. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, लिफ्ट, विजेचं मुख्य पॅनेल, जनरेटर यांतलं काहीही चुन्याच्या जुन्या भिंतीत खोदून बसवू नका. रात्री अकरापर्यंत चालणारी अभ्यासिकाही नव्या भागात ठेवा आणि तिला स्वतंत्र दार द्या, म्हणजे संध्याकाळनंतर जुना भाग बंद करता येतो.

जुन्यात मग काय राहील? वाचन दालन, संदर्भ विभाग, छोटे कार्यक्रम, आणि रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी मंडळी. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हेच केलं. पुणे नगर वाचन मंदिराइतकंच, १८४८ सालचं हे ग्रंथालय. चार्ल्स मॅकिम यांनी बांधलेली त्याची कॉप्ली चौकातली इमारत १८९५ मध्ये उघडली. १९७२ मध्ये शेजारी फिलिप जॉन्सन यांची नवी इमारत उभी राहिली तेव्हा घरी नेण्याची पुस्तकं नव्यात गेली आणि संशोधनाचा संग्रह जुन्यात राहिला.

चौथी पायरी : जागा

मागे, बाजूला, वर, की खाली? वर मजला चढवण्याचा प्रस्ताव कोणीतरी आणतोच. भारवाहक दगडी भिंतींवर काँक्रीटचा मजला चढवू नका. भूकंपात वरचं वजन जितकं जास्त तितका खालच्या भिंतींना हिसका मोठा, आणि दर्शनी रूपही जातं.

खाली जाण्याचं आकर्षण मला समजतं. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत १९२६ ची. तिला १९९३ मध्ये जोडलेल्या टॉम ब्रॅडली विंगच्या आठ मजल्यांपैकी चार जमिनीखाली आहेत, त्यामुळे जुना मनोराच आजही नजरेत भरतो. पण आपल्याकडचा पाऊस विसरू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली. कोकणात आणि नदीकाठच्या गावांत पुस्तकं जमिनीखाली ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तळघर करायचंच तर ते वाहनतळापुरतं. नव्या इमारतीचं जोतंही जुन्या पुराच्या खुणा पाहून ठरवा. गावातली वयस्कर माणसं पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवतात.

राहिली मागची किंवा बाजूची जागा. तिथे नवी इमारत जुनीला थेट चिकटवण्यापेक्षा दोन्हींत थोडं अंतर ठेवून अरुंद, हलका दुवा बांधा. बोस्टनजवळच्या केंब्रिज शहरात १८८९ च्या दगडी ग्रंथालयाशेजारी २००९ मध्ये दुहेरी काचेची नवी इमारत झाली. दोन्ही इमारती आपापल्या जागी स्वतंत्र उभ्या दिसतात.

पाचवी पायरी : दिसावं कसं

१९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय सनदेत, यावर दोन गोष्टी सांगितल्या आहेत. नवं काम मूळ रचनेपासून वेगळं ओळखू यावं आणि त्यावर आपल्या काळाची छाप असावी. आणि भर अशी असावी की मूळ वास्तूचे लक्षणीय भाग, तिचा परिसर आणि रचनेचा तोल बिघडू नये. या दोन्हींतून वाट काढणं हेच डिझाइन. सिमेंटच्या साच्यातल्या नकली कमानी पहिली अट मोडतात आणि रस्त्यावर निळ्या आरशांची भिंत उभी केली की दुसरी मोडते.

बोस्टनची गोष्ट इथे नीट बघण्यासारखी आहे. जॉन्सन यांनी जुन्याचा मान राखला होता. छपराची रेषा तीच, मिलफर्डचा गुलाबी छटेचा ग्रॅनाइट तोच, कमानींचा आकार मात्र मोठा आणि आधुनिक. छायाचित्रात दोन्ही इमारती शोभून दिसतात. तरीही फुटपाथवरून चालणाऱ्याला नवी इमारत बंद वाटत असे. तळमजल्याच्या खिडक्यांपुढे ग्रॅनाइटच्या उंच लाद्या उभ्या होत्या आणि काचा गडद होत्या, त्यामुळे आत ग्रंथालय आहे हे बाहेरून कळत नव्हतं. २०१६ मध्ये विल्यम रॉन यांच्या कार्यालयाने नूतनीकरण पूर्ण केलं. लाद्या हटल्या, काचा स्वच्छ झाल्या आणि आतली पुस्तकं व माणसं रस्त्यावरून दिसू लागली. दगड आणि उंची जुळवून जॉन्सन यांनी अर्धं काम केलं होतं, रस्त्याशी नातं जोडायचं राहिलं होतं.

म्हणून तुमच्या रेखाटनात तीन रेषा आधी जुळवा : जुन्या इमारतीची वळचण, पहिल्या मजल्याचा पट्टा आणि जोत्याची वरची कड. या जुळल्या की दगड, विटा, लाकूड, काच यांत बरंच स्वातंत्र्य मिळतं. मग रस्त्याच्या पलीकडे उभं राहून विचारा, पहिल्यांदा येणाऱ्या शाळकरी मुलीला दार सापडेल का?

सहावी पायरी : सांधा

नवी इमारत बिघडते ती बहुतेक वेळा जुन्या-नव्याच्या सांध्यात. त्यामुळे इथे घाई नको.

जुनी इमारत बसायची तेवढी जमिनीत बसलेली असते, नवी अजून बसायची असते. दोन्ही काँक्रीटने घट्ट बांधल्या तर नवी काही मिलिमीटर खाली जाताना जुन्या भिंतीला ओढते आणि तिरप्या भेगा पडतात. भूकंपातही दगडी भिंत आणि काँक्रीटचा सांगाडा वेगवेगळे हलतात. म्हणून पायापासून छपरापर्यंत सलग फट ठेवा. तिची रुंदी स्ट्रक्चरल इंजिनिअर हिशोब करून देईल. फटीवरची झाकणपट्टी एकाच बाजूला स्क्रूने बसवा, दुसरी बाजू सरकती राहू द्या. दोन्हीकडे स्क्रू मारणारा कारागीर हमखास भेटतो, त्याला कारण समजावून सांगा.

नवे खांब जुन्या पायाला खेटून नकोत. ते आत घ्या आणि स्लॅब पुढे काढून भिंतीजवळ आणा. जुन्या पायाच्या पातळीखाली त्याच्याजवळ खोदायची वेळ आलीच तर छोट्या तुकड्यांत, एक सोडून एक, आणि पावसाळ्याबाहेर. खडक लागला तर सुरुंग नाही. काम सुरू होण्याआधी जुन्या भेगांवर पातळ काचपट्ट्या प्लास्टरने चिकटवून वर तारीख लिहा. भिंत जराशी हलली तरी काच तडकते. रोज सकाळी त्या बघायची जबाबदारी एका माणसाकडे नावाने सोपवा.

दाराची जागा शोधताना जुनी भिंत नव्याने फोडू नका. जुन्या खिडकीखालची भिंत उतरवली की कमान तशीच राहून दार तयार होतं. निघालेल्या दगडांना नंबर घालून ते आवारातच जपून ठेवा, उद्या कोणाला ती खिडकी पूर्ववत करायची असेल तर उपयोगी पडतील.

छताचं पाणी हा सांध्याचा सगळ्यात अवघड भाग. मंगलोरी कौलांच्या उताराचं पाणी नव्या भिंतीवर आदळेल अशी रचना झाली, तर दोन्हींमधली पन्हळ दरवर्षी तुंबेल आणि पाणी थेट वाचन दालनात उतरेल. दुव्याचं छप्पर जुन्या वळचणीच्या खाली ठेवा आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला द्या. पन्हळ टाळताच येत नसेल तर ती माणूस आत उभा राहून साफ करू शकेल इतकी रुंद करा, दोन्ही टोकांना उतरणी द्या आणि वर एक सांडवा ठेवा, म्हणजे तुंबलेलं पाणी आत न शिरता बाहेर सर्वांसमोर पडेल.

मजल्यांच्या पातळ्या जुळवताना एक छान सोय होते. जुना मजला पाच-साडेपाच मीटर उंच असतो, तेवढ्यात पुस्तकसाठ्याचे दोन बुटके मजले बसतात आणि दर एका आड मजल्यावर पातळी जुन्याशी जुळते. मात्र ते मजले पक्क्या स्लॅबचे करा, जाळीचे नकोत. लॉस एंजेलिसच्या त्याच ग्रंथालयात २९ एप्रिल १९८६ रोजी लागलेल्या आगीत सुमारे ४ लाख पुस्तकं जळाली. तिथल्या साठ्याच्या मजल्यांमध्ये फटी होत्या आणि त्यांतून आग धुराड्यातल्यासारखी वर चढली.

जोतं नव्वद सेंटिमीटरचं असेल तर १:१२ उताराच्या रॅम्पला जवळपास अकरा मीटर लांबी लागते, मधला थांबा वेगळा. जुन्या पायऱ्यांपुढे तो ओढण्यापेक्षा नव्या भागाचं दार जमिनीच्या पातळीवर ठेवा आणि लिफ्टने दोन्ही इमारतींचे मजले जोडा. चाकाच्या खुर्चीतला वाचक आणि बाकीचे सगळे एकाच दाराने आत यावेत.

सातवी पायरी : चुना, हवा, ऊन

जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिची वाट बंद झाली की क्षार आतच साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधे भरायलाही चुनाच वापरा, आणि चुन्याचं काम येणारे गवंडी लवकर शोधा.

पुस्तकांसाठी आर्द्रता साधारण ४५ ते ६० टक्क्यांत, आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री बंद केलं तर रोजच्या चढ-उतारात बुरशी फोफावते. चोवीस तास चालवायचं वीजबिल झेपणार नसेल तर ते फक्त दुर्मीळ ग्रंथांच्या छोट्या खोलीपुरतं ठेवा, बाकी ठिकाणी समोरासमोर खिडक्या आणि पंखे पुरतात. रॅक बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून तेवढेच वर, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही नजरेला पडतात. मोठ्या काचा उत्तरेला घ्या. पश्चिमेच्या उन्हात पुस्तकांच्या कण्यांचे रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उडतात.

आठवी पायरी : पैसा आणि पुस्तकांचं स्थलांतर

इमारतीसाठी राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना बघा, आमदार-खासदार निधी मागा, गावातल्या आणि परगावी गेलेल्या वाचकांना पत्रं लिहा. निधी तुकड्यातुकड्यांत येणार हे गृहीत धरून काम असं विभागा की प्रत्येक टप्पा संपल्यावर इमारत वापरता आणि बंद करता येईल. अर्धवट सळया उघड्या ठेवून तीन पावसाळे काढलेली इमारत पुढे कायम गळत राहते. मार्चअखेर निधी संपवायच्या घाईत पाया भरू नका.

बांधकामाच्या काळात वाचनालय पूर्ण बंद ठेवू नका. वर्गणीदार एकदा तुटले की परतायला फार वेळ घेतात. वृत्तपत्रं आणि देवघेवीची निवडक पुस्तकं जवळच्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात हलवा. पेट्यांवर कपाट आणि फळीचा क्रमांक घाला, आणि पेट्या उचलण्याआधी दाखल नोंदवहीशी ताळा करा.

नवी इमारत रंगून तयार झाली तरी काँक्रीट आणि गिलाव्यात अजून बरंच पाणी असतं. साठ्याच्या दालनात आर्द्रतामापक लावा आणि रोजची नोंद ठेवा. आकडा स्थिरावला की आधी देवघेवीची पुस्तकं आणा, मग संदर्भ. दुर्मीळ ग्रंथ, हस्तलिखितं आणि जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड मात्र नव्या छपरावरून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि मगच हलवा.